विळ्याच्या आकाराची पेशी : नैसर्गिक निवड आणि मध्य भारतीय समाज

छत्तीसगढमधील भिलाई हे कारखान्यासाठी वसविलेले नगर आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिली झोतभट्टी पेटली. कामगारांची वसाहत क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या सेक्टरांत विभागली गेली. सेक्टर १० हा त्यांपैकीच एक. छत्तीसगढी खेड्यात ज्याचा त्याचा पारा वेगळा असतो आणि पाऱ्यावरून माणसाची जात कळते. सेक्टरच्या क्रमांकावरून ती कळत नाही. पंजाबी, बंगाली, तेलुगू, मल्याळी, ओडिया, नागपूर-वऱ्हाडाकडील मराठी आणि आसपासच्या गावांतील छत्तीसगढी कुटुंबे येथे एका भिंतीला भिंत लावून राहू लागली. दुर्ग जिल्हा १९५६ पर्यंत ज्या जुन्या मध्य प्रदेशात मोडत होता, त्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे मराठी माणसाला हा मुलूख परका नव्हता.

या वसाहतीत आलेली माणसे निवडून आलेली होती. शिक्षण, अंगमेहनत, कसब पाहून त्यांची भरती झाली होती. परंतु त्यांच्यापैकी कित्येकांच्या रक्तात आणखी एका निवडीची खूण होती, आणि ती निवड कोणत्याही कचेरीने केलेली नव्हती. शेजारच्या सेक्टर ९ मध्ये कारखान्याचे मोठे रुग्णालय आहे. छत्तीसगढमधील अशा कोणत्याही रुग्णालयात वारंवार अंग पिवळे पडणारी, हातापायांना सूज येणारी, हाडांच्या असह्य वेदनांनी कळवळणारी मुले येतात. त्यांच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की गोल तबकडीसारख्या तांबड्या पेशींच्या जोडीला विळ्यासारख्या वाकड्या पेशी दिसतात. ‘सिकल सेल’ या नावाने हा विकार आता खेडोपाडी ओळखला जातो. तो या भागात एवढा का आढळतो, या प्रश्नाचे उत्तर नैसर्गिक निवडीच्या सिद्धांतात आहे. आणि त्या सिद्धांताचा समाजाने किती चुकीचा अर्थ लावला, हेही याच विकाराच्या इतिहासातून स्पष्ट होते.

नैसर्गिक निवडीची कल्पना डार्विन आणि वॉलेस यांच्या नावे १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे मांडली गेली आणि पुढील वर्षी डार्विनचा मूळ ग्रंथ प्रसिद्ध झाला. ‘योग्यतम ते तगतात’ हा शब्दप्रयोग मात्र डार्विनचा नव्हे. तो हर्बर्ट स्पेन्सरने १८६४ साली केला आणि वॉलेसच्या आग्रहावरून डार्विनने तो १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत स्वीकारला. पुढे सिद्धांतापेक्षा हा शब्दप्रयोगच अधिक लोकप्रिय झाला. मराठीत तर त्याच्या भेटीला ‘बळी तो कान पिळी’ ही म्हण आधीच सज्ज होती. बलवानाने दुर्बलाला दडपावे हाच सृष्टीचा नियम असून शास्त्रानेही त्यास दुजोरा दिला आहे, असा समज रूढ झाला. डार्विनच्या विवेचनात ‘योग्य’ या शब्दाला असा गौरवाचा अर्थ नाही. विशिष्ट परिस्थितीत ज्याची संतती अधिक संख्येने मागे उरते तो त्या परिस्थितीपुरता योग्य, एवढेच त्याचे म्हणणे आहे. हे विधान तत्त्वतः सोपे असले तरी माणसाच्या बाबतीत त्याचा स्पष्ट पुरावा मिळण्यास विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. तो पुरावा या विळ्याच्या आकाराच्या पेशीने दिला.

१९१० साली शिकागोचे वैद्य जेम्स हेरिक यांनी ग्रेनडा बेटावरून आलेल्या एका तरुण विद्यार्थ्याच्या रक्तातील या विचित्र पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये जेम्स नील यांनी विकाराचा आनुवंशिक नियम स्पष्ट केला : आई व वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आले तर मूल आजारी पडते, एकाकडूनच आले तर मूल निरोगी राहून केवळ ‘वाहक’ ठरते. त्याच वर्षी लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोष हीमोग्लोबिनच्या रेणूतच असल्याचे दाखविले. काही वर्षांतच व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो नेमका हुडकून काढला. हीमोग्लोबिनच्या ‘बीटा’ साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, आणि एवढ्याशा बदलाने प्राणवायू सोडताच रेणू एकमेकांस चिकटून पेशी वाकडी होते.

यातून एक कोडे उभे राहिले. पूर्वी या विकाराची बहुतेक मुले वयात येण्यापूर्वीच दगावत. प्रत्येक मृत्यूबरोबर सदोष जनुकाच्या दोन प्रती नाहीशा होत. असे असता शेकडो पिढ्यांत हे जनुक जवळजवळ नामशेष व्हावयास हवे होते. प्रत्यक्षात आफ्रिकेच्या काही भागांत शंभरांमागे वीसहून अधिक माणसे वाहक होती. भूमध्यसागराकाठच्या अशाच एका रक्तविकाराविषयी जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९४८-४९ च्या सुमारास एक तर्क मांडला होता : अशा जनुकाचे वाहक हिवतापाला अधिक समर्थपणे तोंड देत असावेत. केनियात वाढलेले अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत हिंडून रक्ताचे नमुने तपासले. समुद्रकिनारी आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, जेथे हिवतापाचे थैमान होते, तेथे वाहक विपुल आढळले. उंच, थंड प्रदेशात ते जवळजवळ नव्हतेच. १९५४ साली त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष पुढील संशोधनाने पक्का केला. वाहकाला हिवताप होतच नाही असे नाही. परंतु फाल्सिपेरम जातीच्या परजीवीमुळे होणाऱ्या जीवघेण्या हिवतापापासून त्याला फार मोठे संरक्षण मिळते.

हा हिशेब एका कल्पित गावाच्या उदाहरणाने समजून घेता येईल. समजा, गावातील जनुकांत दहांत एक जनुक सदोष आहे. तर जन्मणाऱ्या शंभर मुलांत ८१ मुलांच्या अंगी ते मुळीच नसेल, १८ वाहक असतील आणि एक मूल आजारी निपजेल. ते एक मूल विकाराने गेले आणि ८१ मुलांपैकी ९ हिवतापाने गेली, तर मागे उरलेल्या ९० मुलांत ७२ जनुकरहित आणि १८ वाहक असतील. या नव्वदांची जनुके मोजली तर सदोष जनुकाचे प्रमाण पुन्हा दहांत एकच भरते. मृत्यू दोन्ही बाजूंनी होतात आणि तराजू समतोल राहतो. एका मुलाच्या वेदनेची किंमत देऊन अठरा मुलांना हिवतापापासून संरक्षण मिळते. ही किंमत कोणी ठरविलेली नसते आणि ती कोणाच्या वाट्याला यावी हेही कोणी पाहत नाही. निसर्गाच्या निवडीत न्याय नाही, तशी दुष्टताही नाही. तेथे केवळ हिशेब आहे.

भारतात या जनुकाचा पहिला शोध १९५२ साली लागला. हर्मन लेमान आणि मेरी कटबुश यांना ते नीलगिरीच्या डोंगरी जमातींत आढळले. त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांतील मजुरांतही त्याची नोंद झाली. १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी या नागपूरच्या संशोधकांनी मध्य भारतातील वाहकांविषयीचे टिपण ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. म्हणजे भिलाईत झोतभट्टीचे बांधकाम चालू असता, तिच्याकडे येणाऱ्या लोहमार्गावरच्या नागपुरात या जनुकाची पहिली नोंद होत होती. पुढील दशकांत गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, छत्तीसगढ आणि पश्चिम ओडिशा असा त्याचा विस्तार स्पष्ट झाला. रायपूर जिल्ह्यातील साडेतीन लाखांहून अधिक मुलांच्या तपासणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत शंभरांमागे सुमारे नऊ मुले वाहक आढळली. १९८० च्या दशकातील अभ्यासांनी भारतातील या जनुकाची आजूबाजूची रचना आफ्रिकेतील रचनेहून वेगळी असून पूर्व अरबस्तानातील रचनेशी जुळते असे दाखविले, आणि त्यावरून त्याचा उगम येथे स्वतंत्रपणे झाला असे मानले गेले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणाने मात्र सुमारे ७,३०० वर्षांपूर्वीच्या एकाच उगमाची शक्यता पुढे आणली. उगम एक असो की अनेक, ते टिकले आणि वाढले ते हिवतापाच्या प्रदेशात, ही गोष्ट अबाधित राहते.

येथे समाजशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी, की हे जनुक जातींच्या उतरंडीप्रमाणे चालत नाही. गोंड, हलबा यांच्यासारख्या आदिवासी समूहांत ते जसे आढळते तसेच छत्तीसगढच्या कुर्मी आणि तेली समाजांत, सतनाम्यांत आणि विदर्भातील महार समाजातही आढळते. जमीनदार आणि भूमिहीन, मूर्तिपूजक आणि निर्गुणोपासक, सर्वांच्या रक्तात डासाने सारखाच हिशेब मांडला. त्याचे प्रमाण समूहागणिक वेगळे दिसते याचे कारण त्या समूहांचा गुण वा अवगुण नसून, त्यांचे पूर्वज कोठे राहत होते आणि त्यांनी बेटीव्यवहार कोणाशी ठेवला, हे आहे. पहिले कारण निसर्गाचे आहे, दुसरे समाजाचे.

या दुसऱ्या कारणाचे मोल आकड्यांत सांगता येते. एका गावात सारख्या संख्येचे दोन समाज आहेत. एकात शंभरांत वीस वाहक आहेत, दुसऱ्यात एकही नाही, असे समजा. गावाची सरासरी दहा वाहकांची झाली. विवाहात जातीचा विचार नसता तर नवरा-बायको दोघेही वाहक असण्याचा संभव शंभरांत एक, आणि अशा जोडप्याचे मूल आजारी निपजण्याचा संभव चारांत एक. म्हणजे चारशे मुलांत एक आजारी. परंतु प्रत्येक समाजाने सोयरीक आपल्यातच केली, तर पहिल्या समाजात शंभर मुलांत एक आणि दुसऱ्यात एकही नाही, म्हणजे साऱ्या गावात दोनशे मुलांत एक आजारी होईल. जातीच्या कुंपणाने विकार दुप्पट झाला. ‘रक्तशुद्धी’ राखण्यासाठी उभारलेल्या व्यवस्थेने रक्ताच्या विकारालाच आसरा दिला, हा या गणिताचा निष्कर्ष आहे.

रक्तशुद्धीच्या कल्पनेला विज्ञानाचा मुलामा देण्याचे प्रयत्न मात्र विज्ञानाच्याच नावाने झाले. डार्विनचे आप्त फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८३ मध्ये सुप्रजाशास्त्राला नाव दिले. उत्तमांची संतती वाढवावी, अधमांची रोखावी, असा त्याचा आशय होता. उत्तम कोण हे ठरविण्याचा अधिकार साहजिकच स्वतःला उत्तम समजणाऱ्यांकडे आला. १९२७ साली बर्लिनमध्ये मानववंश, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजाशास्त्र यांच्या अभ्यासासाठी संस्था निघाली. ऑयगेन फिशर तिचे प्रमुख होते. तेथेच त्यांच्या मार्गदर्शनाखाली इरावती कर्वे यांनी पीएच. डी.साठी मानवी कवट्यांच्या विषमतेचा अभ्यास केला. गोऱ्या वंशाच्या बौद्धिक श्रेष्ठत्वाचा पुरावा कवटीच्या ठेवणीत सापडेल, ही गुरूंची अपेक्षा होती. मोजमापांनी तसा पुरावा दिला नाही आणि शिष्येने मोजमापांची साक्ष ग्राह्य मानली. परक्या देशात, परक्या भाषेत, ज्यांच्या हाती आपली पदवी आहे त्यांच्याच मताविरुद्ध निष्कर्ष लिहिणे ही लहान गोष्ट नव्हती. त्यानंतर काही वर्षांतच, १९३३ मध्ये, जर्मनीत सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा झाला आणि ‘अयोग्य’ ठरविलेल्या लक्षावधी माणसांना त्याचा बळी व्हावे लागले.

भारतातही जातिसंस्था म्हणजे प्राचीन सुप्रजाशास्त्रच होय, असे मानणारे विद्वान होते. १९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, परंतु न झालेल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या युक्तिवादाची तपासणी केली. जात हे प्रजा सुधारण्याचे साधन असते तर शेकडो वर्षांनंतर येथील प्रजा इतकी खुजी आणि क्षीण का, आणि ज्या काळी आनुवंशिकतेचे नियमच ठाऊक नव्हते त्या काळी त्यांवर आधारलेली व्यवस्था कशी उभी राहिली, हे त्यांच्या प्रतिवादाचे सार होते. त्यांच्यापुढे जनुकांची आकडेवारी नव्हती. पुढे जी आकडेवारी आली ती त्यांच्याच बाजूची ठरली.

सुप्रजाशास्त्राचा कार्यक्रम अमानुष तर होताच, शिवाय तो हिशेबातही चुकलेला होता. मघाच्या गावातून हिवताप नाहीसा झाला असे समजू. आता ८१ मुलांपैकी कोणीही दगावत नाही. केवळ आजारी मूल दगावते किंवा त्याला संतती होत नाही. तरीही सदोष जनुकाचे प्रमाण निम्म्यावर येण्यास दहा पिढ्या, म्हणजे सुमारे अडीचशे वर्षे लागतील. आणि ते पुन्हा निम्मे होण्यास आणखी वीस पिढ्या. कारण शंभर मुलांतील वीस सदोष जनुकांपैकी अठरा ठणठणीत वाहकांच्या अंगी असतात. आजाऱ्याला दूर सारून जनुक दूर होत नाही. हॉल्डेन यांनी १९३८ साली आनुवंशिकता आणि राजकारण या विषयावरील पुस्तकात सुप्रजाशास्त्रीय कायद्यांचा विज्ञानाच्या अंगाने समाचार घेतला होता. हेच हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात स्थायिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तले.

आज हा कल्पित हिशेब मध्य भारतात बऱ्याच अंशी प्रत्यक्षात उतरला आहे. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा देशात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मृत्यू होत, असा अंदाज होता. १९६० च्या दशकाच्या मध्यास रुग्णसंख्या लाखाच्या आसपास उतरली. १९७६ मध्ये ती पुन्हा साठ लाखांवर गेली आणि त्यानंतर टप्प्याटप्प्याने ओसरली. बस्तरच्या जंगलांत हिवतापाचे भय आजही संपलेले नाही; परंतु सेक्टर १० सारख्या बांधीव गटारांच्या वस्तीत वाढणाऱ्या मुलाला वाहक असण्याचा म्हणण्यासारखा लाभ उरलेला नाही. आजोबांना ज्या जनुकाने तारले तेच आई आणि वडील अशा दोन्ही बाजूंनी आले तर नातवाला छळते. जनुक तेच आहे. बदलली ती परिस्थिती. ‘योग्य’ हा शब्द परिस्थितीवाचून निरर्थक आहे, ही डार्विनची शिकवण एका कुटुंबाच्या तीन पिढ्यांत वाचावयास मिळते.

विकाराचे रूपही परिस्थितीच घडविते. अर्भकाची वेळीच तपासणी, जंतुसंसर्गापासून बचाव, लसी आणि हायड्रॉक्सियुरिया हे तोंडाने घ्यावयाचे औषध यांच्या बळावर आज पुष्कळ रुग्ण शिकतात, नोकरी करतात, संसार थाटतात. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिका येथे जनुक-संपादनावर आधारलेल्या उपचारालाही मान्यता मिळाली. त्याची किंमत मात्र गोंडवनातील कुटुंबाच्या कल्पनेपलीकडची आहे. रुग्ण जगतो की नाही हे आता केवळ जनुकावर ठरत नाही. औषध गावापर्यंत पोहोचते की नाही, यावर ते ठरते. निवड थांबलेली नाही. तिचे निकष निसर्गाच्या हातून बऱ्याच अंशी समाजाच्या हाती आले आहेत.

म्हणूनच १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेकडे बारकाईने पाहणे आवश्यक आहे. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत सिकल सेल विकाराचे उच्चाटन हे तिचे उद्दिष्ट. तपासणीनंतर प्रत्येकाला आपली जनुकीय स्थिती सांगणारे कार्ड मिळते, आणि विवाहापूर्वी पत्रिकेप्रमाणे ही कार्डेही पाहावीत असा सल्ला दिला जातो. सल्ला योग्य आहे. दोन वाहकांचा विवाह टळला, किंवा झालाच तरी गर्भावस्थेत तपासणी झाली, तर एका मुलाच्या जन्मभराच्या वेदना टळू शकतात. परंतु वाहकाचा विवाह जनुकरहित व्यक्तीशी झाला तर त्या जोडप्याला आजारी मूल होत नाही, ही कार्डाची दुसरी बाजू सांगितली गेली नाही, तर कार्डाचा अर्थ पालटतो. मग वाहक मुलगी ‘दोषी’ ठरते, तिच्या घराण्याला नाव ठेवले जाते, आणि मंगळाच्या जागी रक्ताचा अहवाल येऊन बसतो. ज्या देशात सोयरीक मोडली की खोट मुलीतच शोधली जाते, त्या देशात हे भय काल्पनिक नाही.

शिवाय विकाराचे उच्चाटन आणि जनुकाचे उच्चाटन या वेगळ्या गोष्टी आहेत. दोन वाहकांचे विवाह टळले तर आजारी मुले कमी होतील; जनुक मात्र वाहकांच्या अंगी पिढ्यान्‌पिढ्या राहील. ते संपविण्याचा अट्टाहास धरला तर रोगाविरुद्धच्या मोहिमेचे रूपांतर वाहकांविरुद्धच्या मोहिमेत होण्यास वेळ लागणार नाही. बर्लिनचा इतिहास याच वळणावर बिघडला होता.

भिलाईच्या वसाहतीत जातवार पारे नव्हते, तरी मुलामुलींच्या लग्नाची वेळ आली की पुष्कळ घरांतून गावाकडच्या पाऱ्यालाच निरोप जाई. पोलादाने माणसांची घरे शेजारी आणली, सोयरिकी मात्र बहुतांशी जुन्याच वाटेने गेल्या. रुग्णालयातील विळ्याच्या आकाराची पेशी या दोन्ही इतिहासांची साक्ष देते : हिवतापाच्या प्रदेशात तग धरलेल्या पूर्वजांचा एक, आणि आपापल्या कुंपणात राहिलेल्या समाजांचा दुसरा. पहिला घडविण्यात माणसाचा हात नव्हता. दुसरा त्यानेच घडविला, आणि विवाहापूर्वी समोरासमोर ठेवलेली दोन कार्डे वाचताना तो पुढे कसा लिहावयाचा याचा निर्णय आजही त्याच्याच हाती आहे.